गॅलरीतलं घमेलं

आमच्या कुत्रीला घरात शू करायला शिकवण्यात माझा जवळजवळ महिना गेला. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिताना काहीतरी चुकलं. लोक कुत्र्याला घरात करू नको म्हणून शिकवतात. ते आमच्याकडे आधीच शिकवून झालं होतं. माझ्या सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि त्यांनी शिकवलेलं कुणी विसरल्याचं मी तरी पाहिलं नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणायचो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चांदवडच्या एका शाळेत पी.टी. शिकवण्यात घालवली. सासूबाई गेल्यावर ते नाशिकला आमच्याकडे राहायला आले. येताना एक ट्रंक आणली, गळ्यात शिट्टी होती, आणि हातात कांद्याची गोणी. गोणीत दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू होतं. एका जुन्या विद्यार्थ्याच्या मळ्यातली कुत्री व्याली होती, त्यानं सरांना जाताजाता हे दिलं. मला कुणी विचारलं नाही. आम्ही पंचवटीच्या पुढे, मखमलाबाद रोडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद गॅलरी. बिल्डिंगला लिफ्ट नाही. मागे एक मोकळा प्लॉट होता आणि त्याच्यापलीकडे मेथी-कोथिंबिरीचे वाफे.

पिल्लू मादी निघालं. नानांनी तिला बाई म्हणायला सुरुवात केली. चला बाई, बसा बाई, थांबा बाई. मी शाळेत शिकवत होते, तिथे सकाळभर मुलं मला बाई म्हणायची. घरी आल्यावर कुणी बाई म्हटलं की मी वळून बघायची, तर नाना कुत्रीशी बोलत असायचे. सुरुवातीला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

पिल्लू आलं तेव्हा जिथे तिथे ओलं करायचं. नानांनी ते आठ दिवसांत थांबवलं. ते तिला कधी मारायचे नाहीत. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करायची, पिल्लू बसायला लागलं की ती त्याच्या शेजारी फरशीवर सपकन आपटायची, एक शिट्टी फुंकायची, आणि पिल्लू काखेत मारून तीन जिने उतरून मागच्या प्लॉटवर जायचं. तिथे एरंडाचं एक झुडूप होतं. तिथे तिनं केलं की "शाबास बाई" म्हणायचं आणि खिशातून शेंगदाणा द्यायचा. दिवसातून आठ-दहा वेळा. साठीच्या पुढचा माणूस एका पिल्लासाठी इतके जिने चढतो-उतरतो, याचं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कौतुक होतं. मलाही होतं, नाही असं नाही.

पुढे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा असं वेळापत्रक बसलं ते पाच वर्षं हललं नाही. बाईंचं पोट बिघडलं तरी ती दारापाशी थरथरत उभी राहायची, पण घरात काही करायची नाही. पाहुण्यांना नाना हे अभिमानानं सांगायचे, माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करायला मात्र विसरायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एका हिवाळ्यात, सकाळी फिरून येताना नाना खालच्या पायरीवरून घसरले. पायरी कुणीतरी नुकतीच धुतली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई घातली, दहा-बारा दिवस दवाखान्यात गेले. त्या दिवसांत कुत्री माझ्या नवऱ्याबरोबर मुकाट्यानं खाली जायची, प्लॉटवर उरकायची, गेटपाशी बसून रस्त्याकडे बघत राहायची आणि ओढलं की वर यायची. मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

नानांना स्ट्रेचरवरून वर आणलं आणि पुढच्या खोलीत, गॅलरीच्या दाराशी लोखंडी कॉटवर ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही, तीन महिने जिना नाही. कुत्रीनं एकदा त्यांच्या पायाच्या प्लास्टरपट्टीचा वास घेतला आणि कॉटखाली जाऊन पडली. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडायला तयार होईना.

पट्टा बांधला तर दारापर्यंत यायची आणि चारही पाय रोवून उभी राहायची. ओढलं तर गळपट्ट्यातून डोकं काढून परत कॉटखाली. नवऱ्यानं तिला उचलून खाली न्यायला सुरुवात केली. तिचं वजन वीस-बावीस किलो सहज असेल. तीन जिने उतरायचे, प्लॉटवर ठेवायचं, तर ती वर आमच्या गॅलरीकडे बघत उभी राहायची. मग एकदम वळून धूम जिन्यानं वर. दार बंद असलं तर दारावर पंजे मारायची. कधी एरंडापाशी घाईघाईनं चार थेंब टाकायची, तेवढंच. चौथ्या दिवशी नवऱ्याची कंबर धरली. तो सिन्नरच्या कारखान्यात होता, सकाळी सव्वासहाला कंपनीची बस यायची आणि दिवसभर मशीनपाशी उभं राहायचं काम. कंबर धरून कसं चालणार? मला तर तिला उचलता येणंच शक्य नव्हतं.

म्हणजे कुत्री खाली जाणार नाही, कारण नाना वर आहेत. आणि वर करणार नाही, कारण नानांनीच शिकवलंय. मी हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, इमानी जात आहे. त्यांचा आवाज चक्क समाधानी होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला लागले, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

मी आधी वर्तमानपत्रं आणली. नवऱ्याच्या कारखान्यातल्या कुणीतरी सायबर कॅफेत बसून इंटरनेटवरून दोन पानं छापून आणली होती. त्यात लिहिलं होतं, घरात कागद पसरा, कुत्र्याला त्यावर उभं करा, गोड बोला. मी गॅलरीत रविवारची आख्खी पुरवणी पसरली. कुत्रीनं दारातून कागद बघितला आणि शेपूट पोटात घालून जी पळाली ती थेट मोरीच्या कोपऱ्यात. मला समजेना. मग नवरा म्हणाला, अगं, नानांची गुंडाळी. पाच वर्षांपूर्वीचा तो सपकन आवाज तिच्या डोक्यात अजून ताजा होता. त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळचा पेपर कुणी उघडला तरी ती खोली सोडायची. नानांनाही मग पेपर वाचता येईना. तेवढंच मला बरं वाटलं.

नंतर मी मोरी करून पाहिली. तिला आत नेलं, दार लावलं, बाहेर स्टुलावर वह्या तपासत बसले. वीस वह्या झाल्या. आतून आवाज नाही. दार उघडलं तर ती दाराला नाक लावून उभी, मी ठेवली तशी. मग नळ चालू ठेवून बघितला, लहान मुलांना करतात तसं. तोंडानं श्श्श् आवाज काढून बघितला. हे चालू असताना खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि दारातच थांबल्या. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. मी आणि नवरा बाहेर असताना त्या दोन-तीनदा वर येऊन नानांना बघून जायच्या. त्यांनी मला मोरीच्या दाराशी बसून कुत्रीसाठी श्श्श् करताना पाहिलं आणि काही न विचारता हातातला मठ्ठ्याचा पेला ओट्यावर ठेवून गेल्या.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण ती पहिलीत अडकलेली आहे. नानांना उठायची परवानगी नव्हती, म्हणजे सगळं कॉटवरच. त्यासाठी आम्ही एक माणूस लावला होता. पेठ तालुक्यातला होता, पन्नाशीचा, फार कमी बोलायचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. तो सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला यायचा, नानांना पुसून काढायचा, बेडपॅन आणि लघवीचं भांडं द्यायचा. मधले नऊ तास नाना तसेच काढायचे. मी साडेबाराला शाळेतून यायची. पहिल्या दिवशी मी भांडं घेऊन कॉटपाशी गेले तर त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी भांडं कॉटखाली हाताला येईल असं ठेवलं. संध्याकाळी मामा आला तेव्हा ते कोरडंच होतं. दुसऱ्या दिवशीही कोरडंच.

डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी भरपूर पाजा, पडून राहिलेल्या माणसाला लघवीचा त्रास लवकर होतो. म्हणून मी दर तासाला पेला भरून द्यायची आणि थोड्या वेळानं रिकामा पेला उचलायची. पेला रिकामा होतोय यावर मी खूश होते.

तोपर्यंत कुत्रीचे हाल बघवेनात. ती दोन-दोन तास नुसती उभी राहायची, बसायला गेली की कण्हायची. नवऱ्यानं पंचवटीतले गुरांचे डॉक्टर घरी आणले. ते मुख्यतः म्हशींचं बघायचे. तीन जिने चढून आल्यावर आधी त्यांनी पाणी मागितलं, मग तिचं पोट दाबून बघितलं. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. ते कॉटवरच्या नानांकडे बघत म्हणाले,

"हिला आजार नाय. हिला परवानगी पाहिजे. अन् ती तुमची नाय चालायची, यांची पाहिजे."

नाना छताकडे बघत राहिले. डॉक्टर गेल्यावर मी त्यांना म्हटलं की तुम्ही तिला एकदा सांगून बघा, इथे कर म्हणून. ते म्हणाले, ज्या तोंडानं नाही म्हटलं त्या तोंडानं हो म्हणायला लावू नकोस, जनावराचा विश्वास जातो. मी विचारलं, मग मूत्राशय फुटलं तरी चालेल का? त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. शाळेत उत्तर न येणारी मुलं असंच करायची.

माती आणायची कल्पना मामाची. तो एकदा नानांचं अंथरूण बदलता बदलता माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, कागदावर कोन करील? तिला तिची माती द्या." मला इतके दिवस हे सुचलं नव्हतं याचाच राग आला. त्याच संध्याकाळी मी बांधकामावरचं एक जुनं घमेलं मिळवलं, मागच्या प्लॉटवर गेले, एरंडाच्या बुडातली माती खुरप्यानं खणली, वर थोडं गवतही उपटून ठेवलं आणि ते घमेलं कमरेवर घेऊन तीन जिने चढले. वाटेत प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी भेटलं आणि प्रत्येकानं विचारलं, कुंडी भरताय का. मी हो म्हटलं.

घमेलं गॅलरीत ठेवलं. कॉटवरून नानांना ते दिसत होतं. कुत्री आली, वास घेतला, आणि तिचं शेपूट हललं. पुढचे दोन पाय घमेल्यात टाकले. मग मागचे. ती मातीत गोल फिरली, अगदी खाली प्लॉटवर फिरायची तशी, थोडी वाकली, आणि मान वळवून तिनं कॉटकडे बघितलं. नाना काहीच बोलले नाहीत. ती घमेल्यातून उतरली, मातीच्या पायांनी घरभर चालली आणि कॉटखाली गेली.

पुढे सहा दिवस हेच. घमेल्यात चढायचं, फिरायचं, वाकायचं, नानांकडे बघायचं, उतरायचं. मी हात जोडले, शेंगदाणे ठेवले, रागावले, गोड बोलले. नवऱ्यानं नानांसारखी शिट्टी वाजवून बघितली, तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. कंबर पट्ट्यात बांधून तो तिला दिवसाआड एकदा खाली न्यायचा, तेव्हा थोडं व्हायचं. तेवढ्यावर तिचं चाललं होतं. आणि एवढं सगळं नाना दोन हातांवरून बघत होते. त्यांच्या एका शब्दाचा प्रश्न होता.

एके दिवशी मी शाळेतून जरा लवकर आले. किल्लीनं दार उघडलं तर नानांना चाहूल लागली नाही. काकूंनी नुकताच पाण्याचा पेला भरून दिला असावा. नानांनी तो उचलला, कॉटच्या कडेनं हात खाली सोडला, आणि खालून लपलप असा आवाज आला. पेला रिकामा करून त्यांनी तो स्टुलावर ठेवला.

म्हणजे इतके दिवस ते पाणी पीतच नव्हते. लघवी लागू नये म्हणून. आणि त्यांच्या वाटचं पाणीही तीच पीत होती.

मी पर्स कोपऱ्यात टाकली. मोठ्यांशी चढ्या आवाजात बोलायची मला सवय नाही, त्या दिवशी मात्र बोलले.

"नाना, तुम्हीही धरून ठेवता आणि तिलाही धरून ठेवायला लावता. तुमची लाज मी समजू शकते, पण तिला कशाची लाज आहे? उद्या तुम्हाला परत ॲडमिट करायची वेळ आली तर मी रजा कुठून काढू? मला या घरात दोन माणसांची शू, एवढं एकच काम उरलंय का?"

दोन माणसांची, असं मी म्हणाले, ते मला नंतर लक्षात आलं. नानांनी तोंड भिंतीकडे केलं. मी हातपाय धुऊन आले तरी ते तसेच होते. मग भिंतीकडे बघतच म्हणाले,

"सूनबाई, आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलं. आता सुनेच्या हातात भांडं द्यायचं म्हणजे..."

मी पेला परत भरला, त्यांच्या हातात दिला आणि ते पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले. तासाभरानं दुसरा. तोही पाहिला. त्या दिवशी त्यांनी भांडं मागितलं नाही आणि संध्याकाळी मामा आल्या आल्या त्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. शाळेतून आल्यापासून मी मोजून पाणी पाजलं होतं. पुढच्या खोलीतून पत्र्याचं काहीतरी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. धावत गेले. नानांनी मला हाक न मारता स्वतःच कॉटखालचं भांडं काढलं होतं. कसंबसं जमवलंही होतं, पण परत ठेवताना ते हातातून निसटलं होतं. चादर ओली, फरशीवर गॅलरीच्या दारापर्यंत ओघळ, आणि भांडं गरगर फिरून ट्रंकेपाशी थांबलेलं. नाना माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची मान लाल झाली होती.

मी काही बोलायच्या आत कुत्री कॉटखालून बाहेर आली. तिनं फरशीवरच्या ओघळाचा वास घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता. मग मान वर करून नानांकडे बघितलं. परत वास घेतला. आणि तिथेच, कॉटच्या शेजारी, स्वच्छ पुसलेल्या फरशीवर बसून तिनं शू केली. किती वेळ करत होती ते सांगता येणार नाही. आठवड्यांचं साठलेलं होतं. ते कॉटखाली गेलं, माझ्या चपलेपर्यंत आलं, ट्रंकेच्या खाली शिरलं. तिचे डोळे सबंध वेळ नानांवर होते आणि कान मागे पडलेले होते.

नानांची शिट्टी कॉटच्या गजाला अडकवलेली असायची. त्यांचा हात तिकडे गेला. मला वाटलं, आता फुंकतील आणि सगळं मुसळ केरात जाईल. त्यांचा हात गजावर थोडा वेळ थांबला. मग खाली आला. ती उठली, अंग झाडलं, आणि त्यांच्या हाताशी येऊन उभी राहिली.

"शाबास बाई," नाना म्हणाले. आवाज फुटला होता. "शाबास."

मी दारातल्या स्टुलावर बसले. मला हसूही येत होतं आणि रडूही. समोर पुसायला एवढं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. नाना म्हणाले, "सूनबाई, आधी चादर बदल. गार लागतंय." स्वतःच्या अंगाचं काही काम त्यांनी मला सांगितलं ते हे पहिलं. मी त्यांना कुशीवर वळवलं, चादर काढली, पुसलं, दुसरी घातली. दोघंही एकमेकांकडे न बघता. त्यानंतर भांडं लागलं की ते हाक मारायचे. आधी खाकरायचे, मग हाक.

फरशी पुसलेलं फडकं मी मुद्दाम धुतलं नाही. ते घमेल्यातल्या मातीत पिळलं. संध्याकाळी कुत्री घमेल्यात चढली, फिरली, वाकली, कॉटकडे बघितलं, आणि नानांनी तिकडून पी.टी.च्या तासाला हुकूम सोडतात तसा सोडला, "कर." तिनं केलं. आठ दिवसांत हुकमाची गरज उरली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घमेलं बुडातून पाझरायचं, गॅलरीला पाण्याची पन्हळ होती, आणि तिच्या खाली काकूंची गॅलरी. उन्हाळा सुरू झाला होता. काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. पुढचं सांगत नाही. मी त्यांच्या दारात उभं राहून माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि नुसतं म्हणाल्या, "नानांसाठी मी काहीही करेन. पण कुत्रीसाठी कुरडया दुसऱ्यांदा घालणार नाही." पुढचे दोन रविवार मी त्यांच्याबरोबर बसून गव्हाचा चीक ढवळला. हात भरून आले होते. नवऱ्यानं पन्हळीत बोळा कोंबला, घमेल्याखाली बारदान घातलं. दर रविवारी माती बदलणं माझ्याकडे आलं. जुनी माती खाली न्यायची, एरंडाखालची नवी वर आणायची. लोकांनी कुंडीचं विचारणं कधीच सोडून दिलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी नाना पहिल्यांदा वॉकर सोडून काठीवर आले आणि जिना उतरले. बिल्डिंगमधले सगळे दारात उभे होते. कुत्री पुढे, ते मागे, प्रत्येक मजल्यावर थांबत. त्यांनी गळ्यात शिट्टी घातली होती. मी गॅलरीतून बघत होते. एरंडापाशी दोघं पोचले. नाना काठीवर रेलून उभे राहिले. कुत्रीनं हुंगलं, फिरली, आणि बसली. म्हणजे नुसती बसली. नानांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला, "करा बाई." ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग आमच्या गॅलरीकडे. अर्धा तास गेला. नाना घामाघूम होऊन वर आले, तीन जिन्यांना त्यांना पाऊण तास लागला. दार उघडताच कुत्री त्यांच्या पायांमधून आत शिरली, थेट गॅलरीत गेली, आणि घमेल्यात उभं राहून तिनं सगळं मोकळं केलं.

नाना सोफ्यावर बसले होते, काठी मांडीवर आडवी. म्हणाले, हिला काय झालंय? मी म्हटलं, तुम्हीच शाबास म्हणालात. त्यांनी पुढे महिनाभर प्रयत्न केला. शेंगदाणे, शिट्टी, हुकूम, सगळं. ती त्यांच्याबरोबर आनंदानं फिरायला जायची, मेथीच्या वाफ्यांपर्यंत जाऊन यायची, आणि शू करायला घरी यायची. एकदा त्यांनी वैतागून मलाच विचारलं की हे सोडवायचं कसं. मला त्या वेळी जे वाटलं ते मी कबूल करते, मला फार बरं वाटलं.

पुढे काही वर्षांनी आम्ही आडगावच्या बाजूला एक लहानसं रो हाऊस घेतलं. पुढे चार पावलांचं अंगण होतं, मातीचं. नवऱ्याला वाटलं, आता सुटलो. राहायला गेलो त्या दिवशी कुत्रीनं अंगणाचा कोपरान् कोपरा हुंगला, जास्वंदीच्या आळ्यात लोळली, मग आत आली आणि खोल्याखोल्यांतून फिरायला लागली. तिचं काय हरवलंय ते नानांना माझ्याआधी कळलं. सामानाच्या टेम्पोतून घमेलं उतरवलं होतं, पण ते मी भंगारात द्यायच्या ढिगात ठेवलं होतं. नानांनी काठी टेकत जाऊन ते काढलं, अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि मला म्हणाले,

"सूनबाई, यात थोडी माती घाल. ती ताटकळलीय."

मी त्यांच्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं. शेजारच्या घरातली नवीन ओळखीची बाई कुंपणावरून आमच्याकडे बघत होती. मी खुरपं शोधून आणलं, घमेल्याच्या अगदी शेजारी बसले आणि खणायला लागले.